चाकांवरचं घर समुद्रापार न्यावं का?

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी जोडपी आता निवृत्त होऊ लागली आहेत. मुलं मार्गी लागली, घराचे हप्ते फिटले आणि काहींच्या दारात आरव्ही उभी राहिली. झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, सगळं एकाच गाडीत. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन पाहून झालं की मनात येतं, हीच गाडी जहाजावर चढवून युरोपात नेली तर? कल्पना मोहात पाडणारी आहे. पण कस्टम्स, व्हिसा, वीज आणि गॅस या चारही ठिकाणी तिचा कस लागतो. म्हणून ती एका दीर-भावजयीच्या संवादातून तपासून पाहू. वहिनी राहतात बाल्टिमोरजवळ. त्यांची गाडी चोवीस फुटी, मर्सिडीज स्प्रिंटरच्या सांगाड्यावर बांधलेली, डिझेलवर चालणारी. भाऊजी विद्युत अभियंता, जर्मनीत ब्रेमेनजवळ स्थायिक.

वहिनी : भाऊजी, आमचं जवळजवळ ठरलं आहे. एप्रिलमध्ये गाडी बाल्टिमोरच्या बंदरात सोपवायची, ब्रेमरहाफेनला ताब्यात घ्यायची आणि ऑक्टोबरपर्यंत फिरायचं. बंदर तुमच्या घरापासून तासाभरावर, म्हणजे पहिला मुक्काम तुमच्याकडेच.

भाऊजी : मुक्काम हवा तेवढा करा वहिनी, पण गाडी तिकडेच राहू द्या. इथे मोटरहोम भाड्याने मिळते. इथल्या रस्त्यांसाठी, इथल्या विजेसाठी, इथल्या गॅससाठीच बनवलेली असते ती. अख्खी गाडी अटलांटिक ओलांडून आणायची आणि मग ती इथे चालावी म्हणून पुन्हा खर्च करायचा, हा आटापिटा कशासाठी?

वहिनी : तीन आठवड्यांसाठी यायचं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. सहा महिन्यांचं भाडं, तेही भर उन्हाळ्यातलं, एकदा मांडून बघा. आणि प्रश्न नुसता पैशांचा नाही. यांच्या कमरेचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. गादी त्यांच्या सोयीने करून घेतली आहे. नळ किती फिरवला की गरम पाणी येतं, रात्री अंधारात कुठे हात घातला की औषधं सापडतात, हे अंगवळणी पडलंय. साठी उलटली की माणसाला नवलाई बाहेर हवी असते, घरात नाही.

भाऊजी : ते मान्य. मग आपण जहाजापासूनच बघत जाऊ. या जहाजांवर गाडी चालवत चढवतात आणि चालवतच उतरवतात. भाडं घनमीटरवर लागतं. तुमची गाडी ७.३ मीटर लांब, २.३ मीटर रुंद आणि छतावरच्या एसीसकट ३.४ मीटर उंच. म्हणजे सुमारे ५७ घनमीटर. मागे सायकलींचा स्टँड अर्धा मीटर बाहेर आला, तरी सगळ्या उंची-रुंदीने गुणून जवळपास ४ घनमीटरचे पैसे वाढतात.

वहिनी : स्टँड काढून आत ठेवू.

भाऊजी : आत काय ठेवायला परवानगी आहे, तेही जहाज कंपनीकडून लेखी घ्या. गॅसची टाकी रिकामी लागते, डिझेल साधारण पाव टाकीच्या आत. गाडीची किल्ली बंदरावर द्यावी लागते, त्यामुळे ती कोणाकोणाच्या हातून जाईल यावर आपला ताबा नसतो. चालकाची जागा आणि मागचं घर यांच्यामध्ये कुलूप लागेल असा प्लायवुडचा आडोसा बसवून घ्या. आणि गाडीचं मूळ टायटल, म्हणजे मालकीचा कागद, निर्यातीच्या किमान ७२ तास आधी अमेरिकी कस्टम्ससमोर ठेवावं लागतं. कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्रही लागतं.

वहिनी : कर्ज फिटलंय, टायटल दोघांच्या नावावर आहे. युरोपातल्या कस्टम्सचंही मी वाचलंय. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या वापराची गाडी सहा महिन्यांपर्यंत जकात आणि व्हॅट न भरता आणता येते. आम्हाला सहाच महिने हवेत.

भाऊजी : गाडीला सहा महिने, पण तुम्हाला किती? शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसाने चालणाऱ्या युरोपीय देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. अमेरिकी पासपोर्ट असला तरी तेवढेच. गाडी कायदेशीरपणे उभी आणि मालक बाहेर, अशी वेळ अनेकांवर येते.

वहिनी : म्हणूनच प्रवासाचे दोन भाग केलेत. पहिले तीन महिने जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स. मग फेरीने इंग्लंड, तिथून स्कॉटलंड. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आणि परतीला गाडी साउदॅम्प्टनहून बाल्टिमोरला पाठवता येते. ब्रेमरहाफेनला उलटं यायची गरजच नाही.

भाऊजी : आखणी चांगली आहे. फक्त दोन गोष्टी लिहून ठेवा. ब्रिटनमध्ये डावीकडून गाडी चालवायची, तेव्हा तुमचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील. काचेवर लावायच्या खास पट्ट्या मिळतात, त्या लावा. आणि दुसरं, सवलतीत आलेली ही गाडी माझ्या स्वाधीन करून तुम्ही अमेरिकेला परत जाऊ शकत नाही. मी इथला रहिवासी. मी ती आपली म्हणून वापरू लागलो की सवलत संपली. जकात लागेल, वर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट.

वहिनी : मला वाटलं होतं, एखादा हिवाळा तुमच्या अंगणात ठेवू.

भाऊजी : सहा महिन्यांची मुदत उलटेल ना! आणि मला ती चालवताही येणार नाही. माझा परवाना बी वर्गाचा, साडेतीन टनांपर्यंतचा. तुमच्या गाडीचं कमाल वजन ११,०३० पाउंड, म्हणजे पाच टन. अमेरिकेत साध्या परवान्यावर २६,००० पाउंडांपर्यंतची गाडी चालते, त्यामुळे तिथे याचा विचारच कोणी करत नाही. इथे साडेतीन टन ही मोठी सीमारेषा आहे. भाड्याच्या बहुतेक मोटरहोम तिच्या आत बसवलेल्या असतात, त्या याच कारणाने.

वहिनी : आमचा परवाना तर चालेल ना?

भाऊजी : पर्यटक म्हणून, आंतरराष्ट्रीय परवान्याच्या जोडीने, चालेल. पण रस्ता परवाना विचारत नाही, वजन विचारतो. ऑस्ट्रियात साडेतीन टनांच्या आतल्या गाडीला काचेवरचं व्हिनेट पुरतं. त्यावरच्या गाडीला टोल मोजणारी पेटी लावून किलोमीटरमागे पैसे द्यावे लागतात. स्वित्झर्लंडमध्ये जड वाहनाचा वेगळा कर. जर्मनीत मोटारमार्गावर तुम्हाला ताशी १०० ची मर्यादा, शहराबाहेरच्या साध्या रस्त्यावर ८० ची. आणि रस्त्याचं काम सुरू असेल तिथे डावी लेन बहुधा आरशांसकट २.१ मीटरच्या गाडीपुरतीच खुली असते. तुम्ही त्या लेनमध्ये शिरायचंच नाही.

वहिनी : हळू जाऊ, उजवीकडून जाऊ. आम्हाला कुठे वेळ गाठायची आहे? रुंदीचं म्हणाल तर आमची गाडी युरोपच्या २.५५ मीटरच्या मर्यादेत आहे. आमच्या शेजाऱ्यांची मोठी बस १०२ इंची, म्हणजे २.५९ मीटर. ती मी कोणालाच न्यायला सांगणार नाही.

भाऊजी : इथे आपलं एकमत. इटलीतल्या डोंगराळ गावात किंवा स्कॉटलंडच्या एकेरी रस्त्यावर तशी गाडी घातली, तर प्रवास राहतो बाजूला आणि दिवस मागे-पुढे करण्यात जातो. आता माझ्या विषयाकडे येतो. तुमची गाडी बाहेरून घेते ती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. इथल्या कॅम्पसाइटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. चुकून सरळ जोडलीत तर १२० व्होल्टच्या किटलीत जवळपास पावणेचार पट शक्ती जाईल आणि ती क्षणात जळेल.

वहिनी : त्यासाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो की.

भाऊजी : सगळे हेच म्हणतात आणि इथेच फसतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेली एसीची मोटर ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि जास्त तापते. मायक्रोवेव्हमधल्या ट्रान्सफॉर्मरचंही तेच. एक उन्हाळा तग धरतील, पण आयुष्य झिजतं. बरं, एसी काढून इथला बसवावा, तर छताचं भोक जुळत नाही. अमेरिकेतलं १४ इंची, म्हणजे ३५६ मिलिमीटर, इथलं ४००. म्हणजे छतच कापावं लागणार. म्हणून म्हणतो, नकोच ते.

वहिनी : छत कापू द्यायचं नाही, हे माझंही पक्कं आहे. पण बॅटरी आहे ना? गाडीतले दिवे, पंखे, पाण्याचा पंप सगळं १२ व्होल्टवर आहे. त्याला अमेरिका काय नि जर्मनी काय.

भाऊजी : वहिनी, नेमक्या जागी बोट ठेवलंत. बाहेरून येणारी २३० व्होल्टची तार घरात फिरवायचीच नाही. तिने फक्त एक काम करायचं, युरोपी चार्जर चालवून बॅटरी भरायची. बॅटरीतून पुढे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा इन्व्हर्टर, आणि त्यावर तुमची सगळी अमेरिकी उपकरणं. त्यांना कळणारही नाही की आपण समुद्र ओलांडला.

वहिनी : मग एसीही चालेल?

भाऊजी : हिशेबात राहून. इथे कॅम्पसाइटवर ६, १० किंवा १६ अँपिअरची निळी तीनपिनी जोडणी मिळते. ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॉट. तुमचा एसी एकटाच दीड हजाराच्या आसपास खातो, म्हणजे थेट जोडला असता तर खांबावरचा ब्रेकर पडलाच असता. ६० अँपिअरचा चार्जर मात्र हजारभर वॉटमध्ये भागतो. बॅटरीत पाच युनिट साठा असेल, तर चार्जर चालू ठेवून एसी सलग पाच-सहा तास निघेल. दुपार निभावेल, आख्खी रात्र नाही.

वहिनी : दुपार निभावली की झालं.

भाऊजी : आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तुमच्या गाडीत मूळचा १२० व्होल्टचा चार्जर आहे, तो बंद ठेवा. नाहीतर बॅटरी इन्व्हर्टरला वीज देईल, इन्व्हर्टर त्या चार्जरला देईल आणि चार्जर परत बॅटरीला. वीज अशी गोल गोल फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत थोडी उष्णता होऊन वाया जाते. लोक मग म्हणतात, बॅटरी खराब निघाली! शिवाय २३० च्या प्रवेशापाशी ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक आणि दोन्ही तारा तोडणारा ब्रेकर हवाच. युरोपात काही खांबांवर फेज आणि न्यूट्रल उलटे निघतात. एकाच तारेचा ब्रेकर तिथे धोक्याचा. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, घरच्या घरी नाही.

वहिनी : आणि माझा मिक्सर? पुण्याहून आणलेला, २३० व्होल्टचा. अमेरिकेत तो बिचारा ट्रान्सफॉर्मरवरच दिवस काढतोय.

भाऊजी : त्याला इथे माहेरी आल्यासारखं वाटेल. भारतातही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. चार्जरशेजारी २३० चं एक सॉकेट घ्या, प्लगचं अडाप्टर लावा, चटणी वाटा. पुण्याहून गाडी घेऊन निघालेल्या माणसाचं गणित म्हणूनच वेगळं असतं. त्याच्या कॅम्परची वीज युरोपशी जुळते, पण स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हेडलाइटच्या पट्ट्या त्याला युरोपच्या मुख्य भूमीवर लावाव्या लागतात. आणि वाटेतल्या इराणसारख्या देशांसाठी कार्नेट लागतं, म्हणजे गाडी परत नेण्याची हमी देणारं कस्टम्सचं पुस्तक. मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. युरोपीय संघात तुम्हाला त्याची गरज नाही.

वहिनी : आता गॅस. ओटा, हीटर, फ्रिज, तिन्ही प्रोपेनवर आहेत. तेही बदलायचे का?

भाऊजी : नाही, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. तुमचा रेग्युलेटर ११ इंच पाण्याच्या दाबावर, म्हणजे सुमारे २७ मिलिबारवर गॅस सोडतो. इथली नवी उपकरणं ३० मिलिबारवर चालतात. फरक किरकोळ आहे, पण तुमची उपकरणं तुमच्याच रेग्युलेटरवर ठेवा. अडचण आहे ती गॅस भरण्याची. तुमची टाकी गाडीखाली कायमची बसवलेली आहे, म्हणून ती ऑटोगॅसच्या पंपावर भरता येते. पण पंपाच्या नळीची तोंडं देशागणिक बदलतात. जर्मनी, बेल्जियममध्ये एक प्रकार, फ्रान्स-इटलीत दुसरा, ब्रिटन-नेदरलँड्समध्ये तिसरा, स्पेन-पोर्तुगालमध्ये चौथा. चारही अडाप्टरचा संच मिळतो. ८० टक्के भरल्यावर टाकी आपोआप बंद होते का, ते निघण्यापूर्वी तपासून घ्या. सुटा सिलिंडर असता तर माझा सल्ला वेगळा असता. तो पंपावर भरणं जर्मनीत चालत नाही, इथला सिलिंडर घेऊन बदलत राहावा लागतो.

वहिनी : म्हणजे प्रोपेन सगळीकडे मिळेल?

भाऊजी : ऑटोगॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच हटून बसतो. मे ते सप्टेंबर तुम्हाला काही जाणवणार नाही. पण ऑक्टोबरात आल्प्सच्या उंचीवर मुक्काम केलात आणि टाकीत ब्युटेन जास्त असलं, तर पहाटे हीटर पेटणार नाही. म्हणून डोंगर आधी उरका.

वहिनी : पाणी आणि शौचालय राहिलं. त्याचीच मला जास्त काळजी आहे.

भाऊजी : पाण्याचं सोपं आहे. अमेरिकी नळाचा आटा आणि इथला आटा, दोन्ही पाऊण इंची म्हणवतात, पण एकात इंचाला साडेअकरा फेरे, दुसऱ्यात चौदा. जबरदस्तीने फिरवलात तर आटा मोडतो. दाबून बसणारी जोडणी दोन्हीकडे लावा, प्रश्न मिटला. शौचालयाचं मात्र नीट ऐका. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जागेशीच गटाराचं तोंड असतं, तीन इंची नळी लावली की काम झालं. इथे ते क्वचित. इथल्या मोटरहोममध्ये सुटकेससारखी छोटी टाकी असते. ती हाताने नेऊन ओतायची. सगळी सोय त्या मापाची. तुमच्या मोठ्या टाकीसाठी मैला बारीक करून पातळ नळीतून ढकलणारा पंप बसवा. तो १२ व्होल्टवर चालतो. नळी लांब ठेवा, म्हणजे ओतायच्या जागेपर्यंत गाडी नेऊन तिथून सोडता येईल.

वहिनी : मागचे इंडिकेटरही बदलून घेऊ. आमचे लाल आहेत. तुमच्याकडे पिवळे लागतात ना?

भाऊजी : तात्पुरत्या पर्यटकाच्या गाडीवर त्यावरून सहसा अडून बसत नाहीत, पण तरी बदला. इथल्या चालकाला लाल दिवा म्हणजे ब्रेक. तुम्ही वळताय हे त्याला कळणारच नाही. मागे धुक्याचा एक दिवाही लावा. जर्मनीतल्या कित्येक शहरांच्या मध्यभागी जायला काचेवर हिरवं पर्यावरण-स्टिकर लागतं, तेही आधी मागवा. आणि विमा सगळ्यात आधी. तुमचा अमेरिकी विमा इथे चालणार नाही. अमेरिकी नंबरपाटीच्या गाडीला युरोपचं ग्रीन कार्ड, म्हणजे गाडीच्या विम्याचा आंतरराष्ट्रीय दाखला, देणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. ते हातात येईपर्यंत जहाजाचं बुकिंग करू नका.

वहिनी : भाऊजी, इतकं सगळं सांगून तुम्ही मला परावृत्त करताय की तयार करताय?

भाऊजी : सुरुवात परावृत्त करण्यापासूनच केली होती. पण बोलता बोलता एक लक्षात आलं. मला वाटत होतं, गाडी इथे आणायची म्हणजे आतून बाहेरून नव्याने बांधायची. तसं नाही. पूर्वी परगावच्या माणसाची चौकशी वेशीवर व्हायची, मग तो गावात आपल्या रीतीने राहायचा. गाडीचंही तसंच करायचं. वीज आत येते तो प्लग, गॅस भरायचं तोंड, पाण्याची जोडणी, मैला बाहेर काढायची नळी, मागचे दिवे. बदल या पाच वेशींवर करायचे. आतल्या ओट्याला, पलंगाला, फ्रिजला हात लावायचा नाही. परत गेल्यावर पाचही पूर्ववत.

वहिनी : मीही एक मान्य करते. माझं घर मला प्रिय आहे म्हणून ते कुठेही चालेलच, असं नाही. आमची गाडी चोवीस फुटी आहे, सांगाडा मर्सिडीजचा आहे, म्हणून ही गोष्ट शक्य आहे. गाडी दहा मीटरची आणि निव्वळ अमेरिकेतच दुरुस्त होणाऱ्या इंजिनाची असती, तर मी मुकाट तुमच्याकडून भाड्याच्या गाडीचा पत्ता घेतला असता.

भाऊजी : सांगाडा मर्सिडीजचा असला तरी सुटे भाग दोन्हीकडे सारखेच असतात असं धरू नका. फिल्टर, पट्टे, ब्रेकचे पॅड गाडीच्या चासी नंबरवरून तपासून एक संच बरोबर ठेवा. बाकी वाट बघतो.

दोघांच्या बोलण्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. मुक्काम तीन महिन्यांच्या आतला असेल, तर गाडी भाड्याने घ्यावी. जहाजाचं भाडं, विमा आणि बदलांचा खर्च तेवढ्या दिवसांत वसूल होत नाही. मुक्काम सहा महिन्यांच्या आसपासचा, शेंगेनच्या आत-बाहेर नीट वाटलेला असेल आणि गाडी साडेसात मीटर लांबी व २.५५ मीटर रुंदीच्या आत बसत असेल, तर आपलं घर बरोबर नेणं शहाणपणाचं आहे. त्याहून मोठी गाडी कितीही लाडकी असली तरी अमेरिकेतच ठेवावी.

ज्यांच्या मनात हा बेत घोळतो आहे त्यांनी जहाजाची चौकशी करण्यापूर्वी चार कामं उरकावीत. गाडी सामान, पाणी आणि माणसांसकट वजनकाट्यावर नेऊन तिचं खरं वजन घ्यावं. एसी आणि शिडीसकट तिची मापं टेपने मोजावीत. कॅलेंडर घेऊन शेंगेनचे दिवस एकेक करून मांडावेत. आणि विमा कंपनीचा होकार लेखी घ्यावा. ही चार उत्तरं हातात आली की न्यावी की नाही, याचा निर्णय अर्ध्या तासात होतो.